वर्गणी

एल्डरहोपची खाण बंद झाली त्याला चाळीस वर्षं होत आली.
पक्षाची शाखा मात्र कागदोपत्री चालू:
चिटणीस मी, खजिनदार हिल्डा रेन,
आणि सभासद दोन, त्यांतला एक इस्पितळात.

लंडनहून इमोजेन आली, गुणी मुलगी, मांडीवर लॅपटॉप.
म्हणाली, इथली माणसं आपल्याला का सोडून गेली
याचा आम्ही अभ्यास करतोय.
भिंतीवर शब्द उमटले: परंपरा. आपलेपणा. मुळं.
हिल्डा म्हणाली, "मुळांचं मला विचार,
माझी लीक यंदा मनगटाएवढी झालीय."

मग ती उठली. क्लबच्या कपाटातून,
फुटक्या ट्रॉम्बोनमागून,
मयत-फंडाची काळी वही काढली.
आठवड्याला माणशी एक पेनी.
रॉब्सन, पाठ मोडली, सहा आठवडे, घरी कोळसा पोचवला.
कुल्सनची विधवा. पेटी, घोडे, चहा. हॅम कमी पडलं.
पानामागून पान असंच.
काय करायला हवं ते कुठंच नाही,
केलं तेवढंच लिहिलेलं.

"किती सुंदर!" इमोजेननं फोटो काढला.
"सुंदर कसलं," हिल्डा म्हणाली,
"माझी सासू बावीस वर्षं दर शुक्रवारी
दारोदार फिरून ही पेनी गोळा करायची.
शोध तिचं नाव."
वहीत ती 'रेनची बायको'.
मरतानाही तीच.

त्या रात्री मला झोप नव्हती.
'आपलं' या शब्दाची गोडी मला ठाऊक आहे,
आणि ज्या हातांनी आम्ही शेजाऱ्याला खांदा दिला
त्याच हातांनी कुणाकुणाला वाळीत टाकलं तेही.
तरी अडीनडीला रात्री अकरा वाजता
कुणाचं दार ठोठवायचं,
याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नाही.
पत्रकं मीच वाटतो.

पुढच्या गुरुवारी इफेओमा आली,
वृद्धाश्रमातली, रात्रपाळीच्याच गणवेशात.
बाळाच्या बारशासाठी हॉल हवा होता.
वही उघडीच पडलेली; तिनं उभ्या उभ्या दोन पानं वाचली.
म्हणाली, "ही तर आमची इसुसू. माझी आई चालवते.
तुमच्याकडे बंद का पडली?"
कुणी बोललं नाही.
बारवरचा एकजण ग्लासात बघत पुटपुटला,
आता हेही यांच्याकडून शिकायचं.
तो अजून भरत नाही. न का भरेना.

बिस्किटांचा डबा धुऊन घेतला.
आठवड्याला एक पौंड. पहिल्या खेपेला अकरा जण,
दुसऱ्या खेपेला नऊ.
इमोजेनचा ईमेल आला: या उपक्रमाला नाव काय द्यायचं?
हिल्डानं उत्तर दिलेलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी विल्फ टिंकलर आला.
संपाच्या अकराव्या महिन्यात
जाळी लावलेल्या बसमधून कामावर गेलेला विल्फ.
घरात आजारी पोर होतं, असं म्हणतात.
आजारी पोरं तेव्हा आमच्याही घरात होती.
तेव्हापासून तो दुकानात शिरला की
आम्हाला काहीतरी आठवायचं आणि आम्ही बाहेर पडायचो.
हिल्डाचा नवरा त्याच्याशी न बोलताच गेला.
काळ्या वहीत विल्फचं नाव लाल शाईनं खोडलेलं आहे,
कागद फाटेस्तोवर.

त्यानं पौंड पुढे केला. हात कापत होता;
वय असेल, थंडी असेल.
हिल्डानं हाताकडे पाहिलं नाही.
भट्टीवर किटली उकळत राहिली, कुणी उतरवली नाही.
"टेबलावर ठेव," ती म्हणाली.
त्यानं ठेवला.
तिनं चष्मा पुसला, नवी वही ओढली,
बाराव्या ओळीवर पेन टेकवलं
आणि वर न बघता विचारलं,
"टिंकलर. शेवटी एक एल की दोन?"

"एक," तो म्हणाला. "तुला ठाऊक आहे."