ओलावा तेरा पूर्णांक दोन

बंदर पाहायला चाललो म्हटलं
तर खोब्रागडे वजनकाट्यावरून हसला,
"त्यासाठी आफ्रिका कायले बे?
सेमिनरी हिल्सवर उड्या मारतात की."
आमच्या नागपुरात शब्दांचं हे असं,
अर्धे हिंदीत जाऊन बसलेले.
तिकडे उतरलो तर फलकावर तोच शब्द,
शेपटीला एक इकार लावून: बंदारी.
चाय चायच होती. पैशाला पेसा.
फक्त गावाचं नाव घेताना
आधी ओठ मिटावे लागत,
म्त्वारा,
बोलण्याआधीच काही गिळल्यासारखे.

कामाचे चार दिवस.
तुरीला तिकडे म्बाझी.
गोणीत परखी खुपसायची, तळहातावर घ्यायची,
दाताखाली एक दाणा.
कट् वाजला की माल सुका.
हमीसीही तसाच चावायचा, डाव्या दाढेने.
आम्ही एकमेकांचा भाव पाडत होतो
आणि दोघांच्या तोंडात एकच तूर.
नव्या धक्क्यावर क्रेन उभी, रंग अजून ओला.
क्लिअरिंगवाली झुहुरा तिच्याकडे बोट करून म्हणाली,
पुढच्या वेळी याल तर गाव ओळखू येणार नाही.
मिहानबद्दल आम्ही वीस वर्षं हेच म्हणतोय.
तिला नाही सांगितलं.

पाचव्या दिवशी शिक्का मिळाला नाही.
मग समुद्र बघा, ती म्हणाली.
बावन्न वर्षांचा मी,
झिरो माईलच्या खांबाजवळ वाढलेला,
जिथून सगळीकडची अंतरं मोजतात
आणि समुद्र कुठल्याच बाजूला नाही.
बूट हातात घेतले.
बेबीनंदाला व्हिडिओ लावला.
ती गच्चीवर, कूलरमध्ये पाणी सोडत होती.
"दाखवा न, दाखवा," म्हणाली, आणि नेट अडकलं.
तिच्या फोनवर एक लाट
उठली ती उठलेलीच राहिली.
इकडे माझ्या पायांवरून सात गेल्या.
"पडत काऊन नाही हो ती?"

आज अजनीच्या डेपोतून कंटेनर आला.
कळमन्यात सील तोडलं, सेहेचाळीस अंशात.
दारातून खारट, दमट वास.
झिबल हमाल म्हणाला, गोण्यायले घाम फुटला.
मीटर लावलं.
तेरा पूर्णांक दोन.
करार बाराचा.
वरच्या प्रत्येक दशांशाला कपात,
कलम माझ्याच अक्षरातलं.

हमीसीच्या गोदामात दाणा कट् वाजला होता.
मी चावला होता.
महिनाभर पत्र्याच्या डब्यात
रात्री गार, दिवसा तापत
ते पाणी कुठून शिरलं, मला ठाऊक आहे.
मीटरला नाही.
सेठ म्हणाले, लिहून टाक.
लिहिलं.
हमीसीने पाहिलं, दोन निळ्या खुणा आल्या,
शब्द नाही.
झुहुराने मात्र क्रेनचा फोटो पाठवला.
रंग वाळलाय.

नमुन्याची मूठ खिशात राहिली होती,
ती गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरली.
बेबीनंदाने फोन काढून ती लाट पुन्हा दाखवली,
जपून ठेवली आहे तिने,
धुरकट, माझा अंगठा मध्ये आलेला.
सहा वाजता एक दाणा उचलला,
डाव्या दाढेखाली धरला.
कट्.

"शिजते का हो लवकर," तिनं विचारलं,
"तिकडची?"