करंट

मांडीवर चार चिकट पॅड,
एक वायर लाल, एक काळी.
"पेडल मारा, मावशी," रेश्मा म्हणते,
"निम्मं काम करंट करतो."

नरसम्मा चिंतल, साखर पेठ.
चाळीस वर्षं रोज हजार बिड्या;
मांडीनं सूप पेललं, चालणं नाही.

आता स्नायू आपणच उडतो
धोट्यासारखा, खट् इकडे, खट् तिकडे.
नवराही असाच झोपेत हात झटकायचा
गिरणी बंद पडल्यावर.

चरबी जळते म्हणे.
जळते तर धूर कुठं जातो?

अडीचला लाईट गेली.
पॅड गप्प, पंखा गप्प,
गल्लीतले माग गप्प.
"थांबा आता," रेश्मा म्हणाली.

नरसम्मा तेलुगूत पेडलं मोजत होती,
पंचविसाचा एकेक कट्टा बांधत.