बसेनजी

खानापूरचा सरकारी जनावरांचा दवाखाना.
डॉक्टर नंदगडला, लाळ-खुरकताच्या लशी टोचायला.
टेबलाशी मी, म्हणजे कंपौंडर,
आणि कन्नडात छापलेली नोंदवही.
मराठीतून विचार करून कन्नडातून लिहायची
पंचवीस वर्षांची सवय.

अष्टेकर आले मोटारसायकलवर, पेट्रोलच्या टाकीवर कुत्रं.
"जात?"
"बसेनजी."
मी म्हटलं, "बसा की. खरं आधी जात सांगा."

हसले नाहीत.
काजूच्या बागेला राखण म्हणून बेंगळूरहून आणलेलं;
किंमत ऐकून मीच पेन खाली ठेवलं.
"दहा महिने झाले, एकदा भुंकलं नाही ओ.
चोर आले, चार पोती नेली,
हे कपाळाला आठ्या घालून बघत बसलं.
घसा तपासा."

बॅटरी मारली. घसा गुलाबी, निकोप.
अंगाचा रंग इथल्या भट्टीतल्या कौलाचा,
पाय पांढरे, चुन्यात उभं राहून आल्यासारखे,
शेपूट पाठीवर चकलीगत.
तपासून सोडलं तर माझा हात लागला तेवढी जागा
मांजरासारखी चाटून पुसून काढली.

डॉक्टरांच्या कपाटातलं जाड पुस्तक उघडलं.
काँगोच्या रानातली जात. शिकाऱ्याची जुनी सोबतीण.
हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर
असल्याच शेपटीची कुत्री, धन्याच्या खुर्चीखाली.
नजरेनं माग काढते, वासानंही.
पाण्याचा तिटकारा. कुत्री वर्षातून एकदाच माजावर.
भुंकत नाही; मन झालं तर गाते.

"गाते?" अष्टेकर म्हणाले,
"म्हंजे चोरांना भजन ऐकवायला पाळलंय काय मी?"

आमच्या तालुक्यात पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं भांडतात.
कुत्री मराठीत 'भों' करतात, कन्नडात 'बौ'.
हे दोन्हींत गप्प.
मला त्याचा थोडा हेवा वाटला,
तो काही मी नोंदवहीत लिहिला नाही.

दारात जुजे सिद्दी उभा होता, भुरुणकीचा.
पाड्याच्या खुरात किडे पडलेले.
अष्टेकर त्याला म्हणाले, "जुजेभाव, तुमच्या तिकडचं कुत्रं हे.
ओळखीचं वाटतंय काय?"
जुजे म्हणाला, "आमच्या तिकडचं?
भुरुणकीत असलं कुत्रं न्हाई."

पंखा फिरत राहिला.
अष्टेकरांनी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

जुजेनं तळहात पुढं केला, कुत्र्यानं हुंगला.
माझाही हुंगलाच होता.
"गप्प जनावर रानात हरवतंय बगा," तो म्हणाला,
आणि पाड्याच्या गळ्यातली घंटा सोडली:
शिवणीचं लाकूड, त्यानं स्वतः कोरलेलं,
आत दोऱ्यानं बांधलेली लाकडाचीच जीभ.
कुत्र्याच्या गळ्यात घातली. दोरी दोनदा आवळली.

पुस्तकातल्या त्याच पानाच्या तळाशी एक ओळ होती:
मुकी कुत्री झाडीत कुठं आहेत ते कळावं म्हणून
शिकारी त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधत.
मी ती मोठ्यानं वाचली नव्हती.
आताही वाचली नाही. बोट काढून पुस्तक मिटलं.

ताप बघायला थर्मामीटर घातला
तेव्हा मात्र कुत्र्याच्या घशातून एक लांबलचक काहीतरी आलं,
बिजागरीनं झोपेत हसावं तसलं.
बाहेरच्या शेळ्या रवंथ थांबवून उभ्या.
अष्टेकर पहिल्यांदा खाली वाकले,
"परत कर," म्हणाले. त्यानं केलं नाही.

'तक्रार' ह्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.
मोटारसायकल नंदगडच्या फाट्याला वळली
तरी टोक्-टोक् ऐकू येत होतं,
किंवा मला तसं वाटत होतं.

पाड्याच्या खुरात औषध ओतताना विचारलं,
"आणि ह्याच्या गळ्यात रे?"
जुजेनं त्याचा कान खाजवला.
"हे हंबरतंय की."