खुर्चीची खोळ

सावद्यात दुधी रंगाची गादी कोण घेतं?
मी घेतली. भुसावळच्या दुकानात,
ट्यूबलाइटच्या उजेडात ती फार थंड दिसली होती.

आता वैशाख. नळाची तोटी चटका देते.
बागेत घड उतरताहेत,
आणि मजुरीच्या हिशेबाला सुभान तडवी येतो
तो उंबऱ्यावर बसतो.
"वर बसा ना."
"राहू द्या बाई, कपडे चिकाचे हायेत."

अकरा वर्षं हीच दोन वाक्यं.
केळीचा चीक धुऊन जात नाही, दोघांनाही माहीत:
आधी पाण्यासारखा, संध्याकाळी तांबूस,
दुसऱ्या दिवशी काळपट,
मग कापड फाटेपर्यंत तसाच.
सुभानच्या सदऱ्याचा मूळ रंग
आता फक्त कॉलरच्या आत उरलाय.

म्हणून ठरवलं, खोळ शिवायची.
चिकाच्याच रंगाची.
रविवारच्या बाजारात दुकानदाराला म्हटलं,
केळीचा जुना डाग असतो ना, तसलं दाखव.
तो हसला नाही. तीन तागे काढले.
तिसरा तंतोतंत.

यामिनी नेहेते, शेजारची, आयटीआय झालेली,
तिचं मशीन आठवड्यासाठी ठेवून गेली.
कापडावर खडूने लिहून गेली
लांबी, रुंदी, जाडी,
आणि सगळीकडे अर्धा इंच जास्त.
"काकू, तो अर्धा इंच शिलाईच्या पोटात जातो.
दिसत नाही. पण नसला तर खोळ चढायची नाही."

एकरांत बोलणारी मी
इंचाला अडले.
पहिली टीप गेली बागेतल्या पाटासारखी,
जिकडे उतार तिकडे.
दुसरीला बॉबिनचा दोरा कधीच संपलेला,
आणि मी हातभर नुसती भोकं शिवत गेले.
उसवायलाही काही नव्हतं.
तिसऱ्यांदा उलटी बाजू सुलटीला जोडली.
उसवायला ब्लेड घेतलं, ब्लेडने बोट घेतलं,
बोटाचं रक्त कापडावर दिसेना
तेव्हा वाटलं,
रंग तरी बरोबर निवडलाय.

चौथ्या दिवशी चढली.
एका कोपऱ्यात कान उभा,
आत ससा लपल्यासारखा.
मागे नाड्या, एक लांब, एक आखूड.
यामिनी म्हणाली, पहिल्यांदा असंच होतं.
मी मात्र खुर्चीभोवती दोनदा फिरले.
ती गेल्यावर अजून एकदा.

शनिवारी सुभान आला.
"बसा. मुद्दाम शिवली."
त्याने पाहिलं,
खांद्यावरचं फडकं काढून हातात धरलं.
"नवी दिसू राह्यली, बाई.
नव्यावर तर नाहीच नाही."
आणि उंबऱ्यावर बसला,
नेहमीपेक्षा चार बोटं लांब.

हिशेब झाला. अडतीस घडांचा फरक निघाला.
त्याचं बरोबर होतं, माझं चुकलेलं.
मी वही मिटली, परसात गेले,
केळीचं एक पान मोडून आणलं.
देठातून थेंब थेंब गळत होतं.
खोळीच्या मधोमध टेकवलं.
दाबलं. फिरवलं.

"आवो बाई, जायचा नाही तो!"
"माहीत आहे."

बराच वेळ तो डागाकडे बघत राहिला.
डाग ओला होता, अजून रंग धरला नव्हता.
बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.
"वाळू द्या मग," सुभान म्हणाला.

पैसे मोजून घेतले, फडक्यात बांधले,
आणि जाता जाता
काळ्या पडलेल्या दोन बोटांनी
खोळीचा उभा कान खाली दाबला.

तो परत उभा राहिला.