ठरल्याप्रमाणे

पैसे नाहीत, असं ठरलं होतं.
तिने चेहरा द्यायचा आणि सकाळचे तीन तास,
मी कॅमेरा, आणि शिमग्याच्या आधी बारा फोटो.
कागद नाही, ॲडव्हान्स नाही.
नवाबागेच्या वाळूत उभं राहून
दोघंही नुसतं "चालेल" म्हणालो.

तिला कुडाळच्या साडीवाल्याला दाखवायचे होते.
मला लग्नांखेरीज काहीतरी
आपल्या नावावर हवं होतं.

शलाका गिरप. साडी मावसबहिणीची,
पिना स्वतःच्याच दातांत धरलेल्या.
भाच्याच्या हातात रिफ्लेक्टर म्हणून
मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण.
उजेड छान पडला. फक्त बांगड्याचा वास
त्या सगळ्या फोटोंना आहे, मला अजून येतो.

शिमगा गेला.
मग लग्नं लागली, पैशांची.
ज्यांनी पैसे दिले त्यांचे अल्बम आधी,
तिचं फोल्डर दर रात्री एक ओळ खाली.
तिने एकदाच विचारलं, "झाले काय?"
मी लिहिलं, इथे लाईट नाही दोन दिवस.
त्या दिवशी अख्ख्या वेंगुर्ल्यात लाईट होती
आणि ती वेंगुर्ल्यातच राहते.

मे महिन्यात बसलो एकदाचा.
चारशे सोळातून बारा काढायचे
म्हणजे चारशे चार वेळा एका माणसाला नाही म्हणायचं,
आणि ते माणूस बहुतेक वेळा हसत असतं.

दोनच्या सुमारास तिच्या बोटांपाशी आलो.
काजूच्या टरफलाचं तेल.
नखांच्या कडांनी काळं, पेरांवर काळं,
अंगठ्याची कातडी सोललेली.
तीनशे टक्के मोठं करून
एकेक डाग उचलला,
शेजारच्या कातडीने झाकला.
इतक्या काळजीने मी
कुणाचाच हात कधी धरलेला नाही.

फॅक्टरीच्या गेटवर एकची सुट्टी.
कटिंगच्या बायका डबे घेऊन सावलीला.
पेन ड्राईव्ह उघडाबोडका कसा द्यायचा,
म्हणून आहेराच्या पाकिटात घालून नेलेला.
तिने पाकीट कमरेला खोचलं
आणि माझ्या मोबाईलवरच बघायला घेतले.

आधी मोजले. "बारा आसत," म्हणाली.
मग पहिल्यापासून.
पाचव्यावर थांबली.
काळ्या दोन बोटांनी
काचेवरची नितळ बोटं ताणून मोठी केली,
आणखी मोठी,
नुसता रंग उरेपर्यंत.

"हे हात खंयचे?"

मी भराभर बोलत सुटलो:
उजेड, टोन, छपाईला बरं पडतं,
मूळ फाईल आहे माझ्याकडे,
पाहिजे तर आज रात्रीच परत —
मागून एक बाई वाकून बघून गेली,
"कोण गो ही?" विचारून.

"नको. दुकानवाल्याक असलेच होये,"
शलाका म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.
मग गेटच्या आत एक पाय टाकून,
माझ्याकडे न बघता:
"आधीचो एक माका वायलो धाडा."

रात्री धाडला. तेरावा, ठरलेल्यातला नव्हे.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
पुढे काही नाही, साधा अंगठाही नाही.

वहीत मी लिहिलं: गिरप, पूर्ण.
येणं शून्य, देणं शून्य.
पैसे असते तर इथे एक सही आली असती
आणि वही मिटली असती.

आठवड्याने मेसेज:
"तुमचो पेन ड्राईव माज्याकडेच आसा."

सोळा जीबीचा. साडेतीनशेला घेतलेला.
"राहू दे" लिहिलं, खोडलं.
"येतो कधी तरी" लिहिलं, तेही खोडलं.
मी काहीतरी लिहितोय
एवढंच तिकडे बराच वेळ दिसत राहिलं असेल.