एल्विनोनं विचारलं, कुठली ऐकवू

स्विंडनहून फोन. तिथं रात्रीचे अकरा,
गोदामातली पाळी संपवून एल्विनो बसस्टॉपवर.
"शाणू, चेडवाक खंयचें आयकोवूं?
स्टुडिओचें, की कुडचड्याचें?"
पोरगी चौदाची. बाप कधी ड्रम वाजवायचा
यावर तिचा विश्वास बसत नाही.

रायबंदरला पहाटेचे साडेचार.
मी दोन्ही कॅसेटी काढल्या,
बुरशीचे ठिपके कापसानं पुसले,
सैल पडलेली टेप पेन्सिलीनं ताणून घेतली.

लाइव्ह म्हणजे जिवंत, असं आपण छातीठोक सांगायचो,
आणि स्टुडिओ म्हणजे फॉर्मेलिन मारलेला बांगडा,
डोळे चकचकीत, पण मेलेला.

कुडचड्याचं मैदान, शहाण्णवचा मे.
मधेच माइकवर कुणीतरी: गेटासमोरची बजाज कोणाची, काढा रे.
तिसऱ्या गाण्यात आन्सेल्मची तार तुटते
आणि तो उरलेल्या पाचांवर सूड घेतल्यासारखा वाजवतो.
मग जनरेटर ढेपाळतो.
गिटार मुकी, बास मुका,
माझा रेकॉर्डर तेवढा सेलवर चालू,
आणि तू, एल्विनो, अंधारात,
विजेचं देणं न लागणारा एकटा माणूस.
चाळीस सेकंद. मी मोजलीत.
दिवे येतात, सगळे एका ठोक्यावर उतरतात,
जवळजवळ एका;
गुरुदास अर्धी मात्रा आधीच.
ती अर्धी मात्रा मला अजून पोटात लागते,
पायरी आहे समजून पाऊल टाकावं तशी.

पण हे सांगशील तर तेही सांग
जे तुला ठाऊक नाही.
त्या संध्याकाळी माणसं होती साठ,
त्यातली वीस ऑम्लेटच्या गाड्यापाशी.
दुकानदारानं कॅसेट ऐकली, म्हणाला, लोक कुठं आहेत?
म्हणून मी फातोर्ड्याला मॅच बघायला गेलो,
रेकॉर्डर मांडीवर, वर रुमाल.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला लेफ्ट विंगरनं गोल मारला
आणि तो सगळा गजर
मी तुझ्या चाळीस सेकंदांमागे चिकटवला.
इतकी वर्षं ज्या टाळ्यांवर तू जगलास
त्या तुझ्या नव्हेत रे.
नीट ऐक, एक शिट्टी आहे. ती रेफ्रीची.

आणि स्टुडिओ तरी कसला,
याच गल्लीत आन्सेल्मच्या मावशीची खोली,
भिंतींना गाद्या, खिडकीला गोणपाट.
कानात क्लिक, एकेकानं एकटं वाजवायचं.
एक गाणं तू एकेचाळीस वेळा वाजवलंस
आणि मागच्या दारी जाऊन ओकलास.
मी श्वास कापले, खुर्चीची करकर कापली,
तुझं "चल पळोवया" सुद्धा कापलं.
एकच गोष्ट कापता आली नाही.
मांडवीतून खनिजानं भरलेल्या बार्जी जायच्या,
गाद्यांतून, गोणपाटातून, फरशीतून
त्यांचं इंजिन वर चढायचं,
खोल, न संपणारी घूं.
तीन रात्री झगडलो. शेवटी गुरुदास म्हणाला,
रावूं दी, हांव म्हजी सकयली तार तिकाच जुळयतां.
पेपरात छापून आलं:
सिंथेसायझरचा संयत वापर.

पुढं खाणी बंद पडल्या. गुरुदासचा ट्रक बँकेनं नेला.
बार्जी किनाऱ्याला गंजत उभ्या,
नदीवर आता दिवे जास्त आणि आवाज दुसरेच.

यातलं मी काहीच बोललो नाही.
बस आयली, म्हणालास, आणि फोन बंद.

मी स्टुडिओची लावली, दुसरी बाजू.
सगळं जागच्या जागी, एकही चूक नाही,
आणि सगळ्याच्या खालून
ती.
टेबलावरची बशी कपाला हलकेच लागत राहिली.
आतल्या खोलीतून झोपेतच मंदाचा आवाज:
"बार्जी सुरू जाल्यो काय रे?"