घोडी आणि लंगोट

सावर्ड्याच्या पुलाअलीकडे, टायरवाल्याला लागून
माझं दुकान.
पाटीवर अजून लिहिलंय : टिप्परची कामे होतील.
त्याखाली, वेगळ्या रंगात :
गिटार, मेंडोलिन, कीबोर्ड.
हा दुसरा रंग खाणी बंद पडल्यानंतरचा.

फ्लाविया आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं,
मी हुमणाचा हात धुवत होतो.
खाली वाकून, पाठीवरच्या पेटीसकट आत शिरली.
रविवारी कुडचड्याला लग्न आहे, म्हणाली,
आणि ही सातव्या पडद्यावर कण्हते.

गिटार तितीवची.
बारा वर्षं त्यानं जहाजावर वाजवली,
आता स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो,
बोटं थंडीनं वळत नाहीत म्हणे.

मी आधी काहीच फिरवत नाही.
दिवा खाली ओढतो, डोळा लाकडाच्या पातळीत.
टेलपीस पार तळाला टेकवलेली, अंगाशी गच्च,
तारा घोडीच्या मागच्या कडेवर घासून घासून
तिथलं निकेल उडालंय, पितळ दिसतंय.
इतकं घट्ट का केलं असेल?
बोटींवर सगळंच बांधून ठेवतात, कदाचित म्हणून.
"तितीव तसोच आसलो," ती म्हणाली.

बाबा देवळात तंबोरा धरायचे.
तार जिच्यावर चढते ती घोडी,
जिथं अडकवतात तो लंगोट.
त्यांच्याकडून मला आले ते एवढे दोन शब्द,
बाकी त्यांचं सगळं माझ्या कानाबाहेरच राहिलं,
मी सोळाव्या वर्षी ग्रीसमध्ये हात घातला.

गिऱ्हाइकासमोर मी टेलपीसच म्हणतो.
पण तारा सैल केल्या, जरा जास्तच केल्या,
आणि अख्खा लंगोट सुटून माझ्या मांडीवर पडला.
मला हसू आवरेना.
फ्लाविया बघत राहिली,
मेकॅनिक नीट आहे ना, अशी.

पेच खाऱ्या हवेनं धरलेले.
थेंब तेल. थांबायचं.
खाच एवढी रुंद की पेचकस आत नुसता नाचतो,
त्याला लागतो जुना जाड रुपया.
अर्धा फेरा. अर्धा फेरा. अजून पाव.
आता तारेखालून बसचं तिकीट सरकतं, कडेला न लागता.
मग घोडीची चाकं, अंगठ्यानं :
जाड तारांकडे वर, बारीक तारांकडे थोडी कमी.

मोजायला माझ्याकडे टॅपेटचं फिलर गेज.
वीस वर्षं याच पात्यांनी
इंजिनांच्या पोटातली फट मोजली.
एक पातं पुरत नाही इथं,
दोन लावतो एकावर एक, बाराव्या पडद्यावर,
तार हलते न हलते इतपत.
टिप्परचं लोखंड आणि ही तार,
दोघांनाही हवी असते ती जराशी मोकळीक,
फक्त किती, ते प्रत्येकाचं वेगळं.

सूर लावून तिनं वाजवलं.
सातवा पडदा स्वच्छ.
बोटाखाली मऊ झालीय, म्हणाली, आणि परत वाजवलं,
मला विसरून.
फक्त सर्वांत जाड तार,
जोरात छेडली की शेवटी किंचित झिणझिणते.
मी चाकाकडे हात नेला.
"रांव," ती म्हणाली, "तें आसूं दी."

अशाच झिणझिणीसाठी
बाबा अख्खी सकाळ
घोडीवर सुताचा दोरा सरकवत बसायचे,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि मी आईला विचारायचो
बाबांना अजून लागत कसा नाही.
त्या दोऱ्याला ते जीव म्हणायचे.

हा तिसरा शब्द. आज आठवला.

तीनशे घेतले. वर कापडाचा तुकडा दिला,
वाजवून झालं की पूस, म्हटलं, घाम खातो धातूला.
ती पूल ओलांडून गेली असेल तेव्हा
मी टेबल आवरत होतो,
आणि तो जाड रुपया कुठं सापडेना.
तिच्याच पेटीत गेला असणार.